दगड घासण्याचा शनिवार

मागच्या काळातल्या या प्रवासाची अट एकच आहे. जिथे पोचाल तिथे पुढ्यात येईल ते काम करायचं. पुढे काय घडणार आहे ते मात्र कुणालाही सांगायचं नाही. तुम्ही मान डोलावता, आणि कानशिलांना थंडी झोंबते.

13 एप्रिल 1732, ईस्टरचा रविवार. उजाडायला अजून अवकाश आहे. सॅक्सनीतल्या हेर्नहूट नावाच्या वस्तीत, एका चढणीच्या पायथ्याशी तुम्ही उभे आहात. वस्तीला अजून दहा वर्षंही झालेली नाहीत. 1722 च्या जूनमध्ये क्रिस्टियन डेव्हिड नावाच्या सुताराने इथल्या रानातलं पहिलं झाड पाडलं, तेव्हापासून सीमेपलीकडच्या मोरावियातली माणसं धर्मापायी घरदार, शेतीवाडी मागे टाकून इथे येत राहिली. जमीन दिली ती झिंझेनडोर्फ नावाच्या तरुण काउंटने. आलेल्यांच्या पाठीशी तीनशे वर्षांचा इतिहास आहे. यान हुस या चेक धर्मसुधारकाला 1415 मध्ये जिवंत जाळलं, त्याच्या विचाराच्या लोकांनी 1457 मध्ये 'बंधूंची एकता' स्थापन केली, आणि सतराव्या शतकात राजसत्तेने ती चिरडल्यावर शंभरेक वर्षं ती घराघरांत, दारं लावून, हळू आवाजात जिवंत राहिली. इथे मोठ्याने गायला कुणाची बंदी नाही. मोरावियन माणूस इतकं का गातो असं पुढे कधी मनात आलं, तर ती शंभर वर्षं आठवा.

आत्ता तुमच्याभोवती आहेत ते वस्तीतले अविवाहित तरुण. हाताने काम करून पोट भरणारी पोरं. रात्र त्यांनी प्रार्थनेत काढली आहे, आणि आता त्यांना वाटलंय की पहाटे कबरींपाशी जावं, जशा शुभवर्तमानात येशूच्या कबरीपाशी स्त्रिया गेल्या होत्या. वरून कुणाचा हुकूम नाही. तुम्ही त्यांच्या मागोमाग हूटबर्ग टेकडी चढू लागता. गवत ओलं आहे, बूट घसरतात, पुढचा मुलगा मागे वळून न बोलता हात देतो. वर दफनभूमी आहे, दोनच वर्षांपूर्वी आखलेली. मातीचे उंचवटे अजून बसलेले नाहीत. तरुण त्यांच्यामध्ये उभे राहतात आणि गाऊ लागतात. शब्द जर्मन आहेत, तुम्ही सूर तेवढा धरता. मग गाणं थांबतं आणि सगळे नुसते बसून राहतात. पूर्वेला आधी राखाडी, मग फिकट पिवळं होतं.

घडतं ते इतकंच. पुढच्या वर्षी सगळी मंडळी त्यांच्याबरोबर वर चढेल, आणि जगात मोरावियन जिथे जिथे जातील तिथे ही पहाट त्यांच्यासोबत जाईल. तुम्हाला हे ठाऊक आहे. सांगता येत नाही.

ठाऊक असलेलं आणखीही आहे. या वस्तीत लेओनहार्ड डोबर हा सव्वीस वर्षांचा कुंभार राहतो. कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बेटावरच्या गुलामांची हकिगत त्याच्या कानावर आली आहे, आणि आपण तिथे जायचंच असं त्याच्या मनाने घेतलं आहे. चार महिन्यांनी, 21 ऑगस्टला, डेव्हिड निट्शमन या सुताराला सोबत घेऊन तो निघेल. मोरावियनांचं मिशनकार्य तिथे सुरू होतं, आणि ते पुढे आपल्या हिमालयापर्यंत येतं: 1856 मध्ये लाहौलमधलं केलाँग, 1885 मध्ये लेह. लेहला सहलीला गेलेल्या कितीतरी मराठी माणसांनी मोरावियन चर्चची किंवा मोरावियन शाळेची पाटी वाचलेली असते. तिचं मूळ या ओल्या टेकडीवर आहे.

खाली उतरल्यावर तुमच्या वाट्याला पाणी भरण्याचं काम येतं. बादल्या पोचवता पोचवता वस्तीची रीत कळते. माणसं कुटुंबांपेक्षा आपापल्या गटात जास्त वावरतात: अविवाहित तरुण, अविवाहित मुली, विवाहित, विधवा. मुलींची वडीलधारी आहे अ‍ॅना निट्शमन. चिठ्ठ्या टाकून तिची निवड झाली तेव्हा ती चौदा वर्षांची होती. आज सोळा वर्षांची आहे आणि तिच्याहून मोठ्या बाया तिचा सल्ला घ्यायला येतात. चार वर्षांपूर्वी इथे एक प्रथा सुरू झाली: रोज सकाळी एका भावाने वस्तीतल्या 32 घरांत त्या दिवसाचं बायबलचं वचन पोचवायचं. दार वाजवायचं, वचन सांगायचं, घरात कुणी आजारी आहे का ते पाहायचं, पुढच्या दाराशी जायचं. गेल्या वर्षापासून वर्षभराच्या वचनांचं पुस्तकच छापायला लागले आहेत. ते पुस्तक आजही दरवर्षी निघतं, पन्नासहून अधिक भाषांत. पण दार वाजवण्याची सवय या लोकांच्या अंगात आधी मुरली, पुस्तक नंतर आलं. पुढचे मुक्काम पाहताना हे ध्यानात ठेवा.

शेवटची बादली खाली ठेवता आणि पायाखालची माती बदलते.

ही लाल, चिकट माती नॉर्थ कॅरोलिनाची. 16 एप्रिल 1772, पवित्र सप्ताहातला गुरुवार. रानाच्या कडेने डॉगवूडची पांढरी फुलं आली आहेत आणि मधे मोकळ्या केलेल्या जागेत नवं गाव उभं राहतंय, सेलम. लाकडी चौकटींत विटा भरून बांधलेली जर्मन धाटणीची घरं, अर्धी पुरी, अर्धी अपुरी. मोरावियनांनी 1753 मध्ये इथे 98,985 एकर जमीन घेतली, तिला वाखोविया नाव दिलं आणि आधी बेथाबारा वसवलं. सेलमची जागा 1765 मध्ये चिठ्ठी टाकून ठरली, पुढच्या जानेवारीत काम सुरू झालं, आणि या वसंतात बेथाबाराहून माणसं बोचकीबाडबिस्तरा घेऊन राहायला येताहेत. जमीन मंडळीच्या मालकीची. कोणता धंदा कुणी करायचा, कुणाचं लग्न कुणाशी व्हावं, इथवर मंडळीचा शब्द चालतो. आपल्याला हे जाचक वाटतं, आणि जाचक ते होतंही. पण परक्या रानात सहा वर्षांत गाव उभं राहिलं तेही याच शिस्तीवर.

संध्याकाळी तुम्हाला पुरुषांच्या बाजूला बसवतात. (स्त्री असाल तर दुसऱ्या बाजूला; इथे दारंसुद्धा वेगळी असतात.) आज पाय धुण्याचा विधी आहे. येशूने शेवटच्या रात्री शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. मोरावियनांत हा विधी 1818 पर्यंत टिकला. तुमच्या हातात मातीचं पसरट भांडं येतं, बहुधा गावचा कुंभार गोटफ्रीड ऑस्ट याच्या चाकावरचं. समोर एक सुतार बसलाय. त्याने बूट काढले आहेत, आणि पावलं पुढे करताना तो तुमच्यापेक्षा जास्त अवघडलाय. डाव्या टाचेला खोल भेग, तिच्यात लाल माती इतकी बसलेली की नुसत्या पाण्याने निघत नाही. अंगठ्याचं नख केव्हातरी लाकडाखाली सापडून काळंनिळं झालेलं. तुम्ही ओंजळीने पाणी सोडता, अंगठ्याने भेग चोळता, माती विरघळून भांड्यात उतरते. तो काही बोलत नाही. फडक्याने पाऊल पुसून खाली ठेवता तेव्हा तो तुमचा खांदा धरून उभा राहतो, आणि आता बसायची पाळी तुमची.

कुणी आपले पाय धुवावेत ही गोष्ट सोसायला अवघड असते. धुणं सोपं. तुम्ही नजर कुठे ठेवावी ते न कळून छताकडे पाहता.

हे सभागृह पाच महिन्यांपूर्वी, 13 नोव्हेंबर 1771 ला, देवाला समर्पित झालं. त्याच दिवशी इथे सॅम नावाच्या एका काळ्या तरुणाचा बाप्तिस्मा झाला आणि त्याला योहान सॅम्युएल हे नाव मिळालं. त्याला मंडळीने 1769 मध्ये विकत घेतलं होतं. विकत घेतलं आणि दोन वर्षांनी भाऊ म्हटलं. ही माणसं नोंदी फार काटेकोर ठेवतात, रोजची हवा, कोण आलं, कोण गेलं, किती पैसे दिले. त्यामुळे ही गोष्टही त्यांच्याच अक्षरात उरली आहे. उपासनेत तो इतर भावांबरोबर बसू शकतो. दक्षिणेतल्या वसाहतीत 1772 मध्ये हे थोडं नव्हे. तरीही तो मालमत्ता आहे. सेंट थॉमसला गुलामांसाठी निघालेल्या डोबरला जाऊन अजून चाळीस वर्षं व्हायची आहेत, आणि त्याचीच मंडळी इथे माणूस खरेदी करते. तुम्हाला ओरडून सांगावंसं वाटतं. अट आडवी येते.

शुक्रवार वाचनात जातो. झावळ्यांच्या रविवारपासून रोज येशूच्या त्या त्या दिवसाची कथा वाचायची, चारही शुभवर्तमानांतून एकत्र गुंफलेली, मधेमधे गीतं. प्रवचन नाही, कुणी अर्थ उलगडून सांगत नाही. कथा ऐकायची आणि घरी जायचं. ही पद्धत आजही तशीच आहे, आणि मला ती फार आवडते. ऐकणाऱ्यावर इतका भरवसा ठेवणारी उपासना विरळा.

शनिवारी दुपारी प्रीतिभोजन. हे प्रभुभोजन नव्हे, विधी तर जवळजवळ नाहीच. 1727 च्या ऑगस्टात हेर्नहूटमध्ये आपसातली भांडणं मिटून सगळे पुन्हा एक झाले तेव्हा लोकांना घरी जाववेना, आणि काउंटने आपल्या वाड्यातून खायला पाठवलं, तिथून याची सुरुवात. तुम्ही पावांची टोपली घेऊन रांगांमधून फिरता. प्रत्येकाला एक. पाळकाला एक, शिकाऊ पोराला एक. सगळ्यांच्या हातात पोचेपर्यंत कुणी तोंडाला लावत नाही, गाणं चालू राहतं.

आणि रविवारी, 19 एप्रिलला, अंधार असतानाच सगळे गावाबाहेरच्या चढावर निघतात. सेलममधली ही पहिली ईस्टर-पहाट. जागेचं नाव देवाचं शेत. झाडं तोडून चौकोन आखले आहेत, एकेका गटाचा एकेक, पण त्यांत आत्ता मोजक्याच कबरी आहेत, गेल्याच वर्षी तर पहिलं दफन झालं. बाकी सगळी मोकळी जमीन. प्रभू उठला आहे, अशी घोषणा होते, खरोखर उठला आहे, असं सगळे उत्तर देतात, आणि तुमची नजर त्या रिकाम्या चौकोनांवर फिरते. त्या सुताराची जागा यातच कुठेतरी आहे. इथे नवऱ्याशेजारी बायको पुरत नाहीत, बापाशेजारी लेकाला नाही. जो ज्या क्रमाने जाईल त्या क्रमाने त्याच्या गटाच्या ओळीत. वर जमिनीलगत आडवा ठेवलेला दगड, सगळ्यांना एकाच मापाचा. श्रीमंताला उंच खांब नाही, पाळकाला कमान नाही. 1797 मध्ये अब्राहम नावाचा माणूस या शेतात पुरला जाईल. तो आफ्रिकेत जन्मलेला मॅन्डिंका, मोरावियनांनी विकत घेतलेला, नंतर बाप्तिस्मा घेतलेला. 1810 मध्ये पीटर ऑलिव्हर, गुलामीतून स्वतंत्र झालेला कुंभार. दोघेही इतर भावांच्या ओळीत, त्याच मापाच्या दगडाखाली.

इथवर गोष्ट सुंदर आहे. इथेच थांबवली असती तर बरं झालं असतं असं वाटतं, पण प्रवास थांबत नाही.

1816. त्याच गावात, गोऱ्या सभासदांच्या नव्या पिढीला काळ्या माणसाशेजारी पुरलं जाणं नको आहे. आजूबाजूच्या मुलखाची रीत हळूहळू यांच्याही घरात शिरली आहे. मंडळी ठरवते: काळ्यांसाठी वेगळी दफनभूमी, गावाच्या दक्षिण टोकाला. पुढे 1822 मध्ये उपासनाही वेगळी होते. त्या कामी गावातल्या स्त्रियांचं मिशनमंडळ पुढाकार घेतं, आणि 1823 च्या डिसेंबरात तिथे ओंडक्यांचं छोटं चर्च उभं राहतं. त्या स्त्रियांच्या मनात कळकळ होती यात मला शंका नाही. कळकळ असूनही माणूस भिंत बांधतो.

तुमच्या हातात इथे फावडं आहे. अट आहे, पडेल ते काम करायचं. कुठल्या खड्ड्यात कोण जाणार हे ठाऊक असताना खणणं काय असतं, ते या एका थांब्यावर कळतं. माती तीच, लाल. वरच्या चढावर ज्या मापाने चौकोन आखले होते ते माप इथल्या लोकांनाही माहीत आहे.

1861 मध्ये ओंडक्यांच्या चर्चशेजारी विटांचं चर्च होतं. त्याला पुढे सेंट फिलिप्स हे नाव मिळालं. 21 मे 1865 ला, ईस्टरनंतर पाच आठवड्यांनी, तुम्ही त्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलेले आहात. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलंय. ओहायोच्या घोडदळाचा चॅप्लेन उभा राहतो आणि लष्कराचा हुकूम वाचून दाखवतो: तुम्ही सगळे मुक्त आहात. वाक्यं कोरडी आहेत, सरकारी. पुढच्या बाकावरच्या बाईची पाठ तुम्हाला दिसते. ती सरळ बसलेली आहे, वाचन संपेपर्यंत जराही हलत नाही. वसंतात घडलेल्या सगळ्या गोष्टींत या मंडळीसाठी मोठी कोणती, असं कुणी मला विचारलं तर मी 1772 ची पहाट म्हणणार नाही, हा रविवार म्हणेन.

नंतरचं पटकन सांगतो, कारण ते सांगायला जड जातं. 1890 मध्ये चर्चचं बांधकाम वाढवलं तेव्हा ते काही कबरींवरून गेलं. दफनभूमीतले दगड काढून टाकले गेले. शंभर वर्षांनी पुरातत्त्वाचे लोक त्या इमारतीखाली शिरले, तर दगड तिथे पडलेले होते, नावांसकट.

आणि आता तुम्ही तुमच्याच काळात आहात. विन्स्टन-सेलम शहर, ईस्टरच्या आदल्या दिवसाचा शनिवार, सकाळी साडेनऊ. इथे अट आपोआप सैल होते. पुढचं तुम्हालाही ठाऊक नाही.

देवाचं शेत भरलंय. सात हजारांवर कबरी, पांढऱ्या संगमरवरी दगडांच्या ओळी चढावरून वर जाणाऱ्या, सगळे दगड 20 इंच बाय 24. लहान मुलांचे तेवढे छोटे. एका बाजूने देवदाराच्या जातीची जुनी झाडं, त्यांच्यामधून जाणारी वाट. आज इथे शांतता शोधू नका. बादल्यांचे कान वाजताहेत, नळाशी रांग आहे, पोरं ओळींमधून पळताहेत आणि कुणीतरी त्यांना दगडावर पाय देऊ नका म्हणून ओरडतंय. शहरातल्या डझनभर मोरावियन मंडळ्यांची ही सामायिक दफनभूमी, त्यामुळे वर्षभर वेगवेगळ्या चर्चमध्ये जाणारी माणसं आज एकमेकांना भेटतात. कुणाचा नातू किती उंच झाला, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी, सगळं इथेच कळतं.

एक आजी तुमच्या हातात ब्रश देतात. मऊ केसांचा. तारेचा नको, त्या बजावतात, संगमरवर ओरखडतो, आणि ब्लीच तर अजिबात नको. साधं पाणी, लागलाच तर सौम्य साबण. तुम्ही गुडघ्यांवर बसता. दगडाच्या कडांना हिरवट शेवाळ आहे, मधे पावसाने बसलेला काळा थर. आधी भरपूर पाणी ओतायचं, थर भिजू द्यायचा, मग गोल गोल घासायचं. अक्षरांच्या खाचांसाठी दुसरा ब्रश आहे, दात घासायचा जुना. एकेका अक्षरावर किती वेळ जातो पाहा: नावातली वळणं, जन्मसालाचा 8, खाली बायबलच्या वचनाचा आकडा. तुम्ही खाचेतून काळं काढत जाता आणि एकेक अंक वर येतो. मग पाणी सोडता, गढूळ ओघळ गवतात उतरतो, आणि दगड ओला असताना भोवतालच्या सगळ्यांपेक्षा पांढरा दिसतो. हे तुमचं कुणी नव्हे. या बाईचं आता इथे कुणीच नाही, आजी सांगतात, म्हणून दरवर्षी कुणीतरी तिला वाटून घेतं.

मग फुलं. जमिनीत पुरलेल्या डब्यात पाणी घालून डॅफोडिल, अझेलिया, परसातली ट्यूलिप, दुकानातले गुच्छ, ज्याला जे जमलं ते. संध्याकाळपर्यंत एकही दगड बिनफुलाचा राहता कामा नये असं इथल्या लोकांना मनापासून वाटतं.

उद्याच्या पहाटेचे फोटो जगभर जातात. हजारो माणसं, पितळी वाद्यं, सूर्योदय. माझं म्हणणं असं की त्या पहाटेचं बळ या शनिवारात आहे. सगळ्यांचे दगड सारखे, हा विचार दगडाने आपोआप टिकत नाही. तो 1816 मध्ये मोडला तेव्हा दगडांचं माप बदललं नव्हतं, माणसं बदलली होती. दरवर्षी कुणीतरी गुडघे टेकून, आपल्या नात्याचं नसलेलं नाव खाचेतून मोकळं करतं, तेव्हा तो विचार पुन्हा वर्षभरापुरता उभा राहतो.

म्हणून दुपारी तुम्ही फुलांची एक टोपली घेऊन गावाच्या दक्षिण टोकाला, सेंट फिलिप्सला जाता. 2006 मध्ये मोरावियन चर्चच्या दक्षिण प्रांताच्या सभेने गुलामी आणि तिच्यातल्या आपल्या वाट्याबद्दल ठराव करून माफी मागितली. विटांचं चर्च डागडुजी होऊन उभं आहे, शेजारी ओंडक्यांचं पुन्हा बांधलं आहे. दफनभूमीत वरच्यासारख्या पांढऱ्या ओळी नाहीत. हिरवळ आहे, आणि हिरवळीखाली माणसं आहेत. घासायला दगडच नाही अशा जागी काय करायचं? तुम्ही फुलं ठेवता, पण कुणापुढे ठेवताय ते ठाऊक नसतं. ठरावातल्या माफीला अजून बरंच हातकाम करायचं आहे, हे त्या हिरवळीवर उभं राहिलं की कळतं.

संध्याकाळी होम मोरावियन चर्चमध्ये प्रीतिभोजन. पाव आता मऊ, गोडसर. कॉफीत दूध-साखर आधीच घातलेली, मगमध्ये ओतून ट्रेमधून येते. वाढणाऱ्यांना इथे सेवक म्हणतात, आणि कोणत्या रांगेत कोण कधी ट्रे उचलणार याची तालीम झालेली असते. गाणं न थांबता शेकडो मग हातोहात जातात.

झोपायला फारसा वेळ नाही. रात्री दोनच्या सुमारास पितळी वाद्यांचे जथे बसमध्ये बसून शहरभर निघतात. चौकात उतरायचं, एक जुनी धून वाजवायची, पुढच्या चौकात जायचं. वासुदेव पहाटे गल्लीत यावा तसा हा बँड येतो, फक्त काहीच मागत नाही. खिडक्यांतले दिवे लागतात, कुणी रात्रीच्या कपड्यांत पायरीवर येऊन उभं राहतं. जथ्यात नऊ-दहा वर्षांचं पोर आहे आणि त्याच्या शेजारी ट्रॉम्बोन घेतलेले सत्तरीपलीकडचे आजोबा. मोरावियन बँडमध्ये निवडचाचणी महत्त्वाची नसते. वाजवता येतं तेवढं वाजवायचं, उरलेलं शेजारच्याकडून शिकायचं. पेन्सिल्व्हेनियातल्या बेथलेहेममध्ये 1754 पासून ट्रॉम्बोनचा ताफा आहे. पूर्वी गावात कुणी वारलं की मनोऱ्यावरून ट्रॉम्बोन वाजत, आणि धुनेवरूनच कळे की गेलं ते विवाहित पुरुषांतलं की अविवाहित मुलींतलं.

सहाच्या सुमारास 1800 साली बांधलेल्या होम चर्चपुढचं अंगण माणसांनी भरून जातं. घोषणा होते, उत्तर येतं. हजारो गळ्यांतून आलेलं ते उत्तर छातीत जाणवतं. मग सगळे न बोलता, काही जणांच्या ओळी करून, चढावर निघतात. बँड आता दफनभूमीच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत विखुरलेला आहे. एकाने ओळ वाजवायची, दूरच्याने तिला उत्तर द्यायचं, तिसऱ्याने त्याहून लांबून. तुम्ही चालत असता तेव्हा धून एका कानातून दुसऱ्या कानाकडे सरकत जाते. वर पोचेपर्यंत उजाडतं, आणि फुलांचे रंग एकेक करून ओळखू येतात. काल घासलेला तुमचा दगड कुठला ते शोधायचा मोह होतो. सापडत नाही. सगळे सारखेच आहेत.

नंतर वादकांसाठी नाश्ता. साखरेचा केक, म्हणजे उकडलेला बटाटा घातलेल्या फुगलेल्या पिठात बोटांनी खळगे करून त्यांत लोणी, गूळकट साखर आणि दालचिनी भरलेली. बोटं चिकट होतात, ओठ वाजवून वाजवून सुजलेले, आणि खोलीत प्रचंड गलका आहे. ईस्टर झाला म्हणून कामं संपलेली नाहीत. फलकाजवळ गर्दी आहे. चर्चच्या स्त्रियांनी चिकन पायच्या मागण्या घ्यायला सुरुवात केली आहे. नुसतं चिकन, रस्सा आणि वरखाली पारी, भाजी औषधालाही नाही, आणि मिळालेला पैसा सेवाकार्याला. सनीसाइड मिनिस्ट्रीला, म्हणजे ज्यांचं वीजबिल थकलंय, घरात शिधा नाही अशा कुटुंबांसाठी मोरावियनांनी चालवलेल्या मदतकेंद्राला, डबाबंद अन्न आणि फळीवर माल लावणारे हात हवे आहेत. ब्लू रिजच्या डोंगरातल्या लॉरेल रिज शिबिरात मुलं उन्हाळ्यात येतील. त्याआधी खोल्या झाडायच्या, हिवाळ्यात पडलेल्या फांद्या उचलायच्या, गळकी छपरं पाहायची. प्रत्येक कागदाखाली नावं लिहायला रिकाम्या ओळी आहेत.

तुम्ही कागद वाचत असताना रात्रीचे ते ट्रॉम्बोनवाले आजोबा शेजारी येऊन उभे राहतात. नवशिक्यांचा सराव पुन्हा सुरू होतोय म्हणतात.

"मला वाद्य येत नाही," तुम्ही सांगता. या प्रवासात तुम्ही उच्चारलेलं हे पहिलं वाक्य.

"कपाटात एक जुनं हॉर्न आहे," ते म्हणतात. "दुसरी कळ अडकते, तेल घालू. आधी शनिवारच्या फांद्या उचलायला येताय का ते सांगा, गाडीत जागा धरायला हवी."